त्रेसष्ट व्होल्टचे कंडेन्सर

नव्वदचं दशक संपत आलं होतं. घशाच्या ऑपरेशननंतर आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, आवाज पार बसला. कसबा बावड्यात आमच्या गल्लीतल्या एकूण एक लग्नात मंगलाष्टका म्हणणारा हा माणूस, आता घरात पाणी मागितलं तरी ऐकू जायचं नाही. आणि धाकट्या बहिणीचं लग्न चार दिवसांवर आलेलं. तिनं हट्टच धरला होता, मंगलाष्टका आप्पाच म्हणणार. आप्पा हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. पण रोज आंघोळीनंतर मोरीत उभं राहून हळूच एखादी ओळ म्हणून बघायचे. मला ते ऐकवत नसे.

माझ्याकडं माईक होता, जुना दणकट अँप्लिफायरही होता. खोट एकच, चालू केला की स्पीकर घुंऽऽ करत घुमायचा आणि आप्पांचा बारीक आवाज त्याखाली गडप. पॉवर सप्लायमधले, घुमणं गिळून टाकणारे दोन मोठे कंडेन्सर गेले होते. मी साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन, मला नाही कळणार तर कुणाला. त्यांच्यावरचा चार हजार सातशे मायक्रोफॅरड हा आकडा दिसत होता, किती व्होल्ट सोसतील तो मात्र उष्णतेनं पुसला होता. कामावरून आल्यावर संध्याकाळी मीटर लावला. चाळीस व्होल्ट.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या दुकानात जाऊन पन्नास व्होल्टचे दोन मागितले. नेहमीचा म्हातारा दुकानदार म्हणाला, "पावणं, त्रेसष्टचं न्या की."

"ते उंचीला जास्त, अँप्लिफायरच्या पेटीत बसत नाहीत. आणि चाळीसला पन्नास पुरतात, मला शिकवू नका." असाच बोललो. तोंड आमचं पहिल्यापासून फटकळ.

संध्याकाळी बसवले. घुमणं गायब. सकाळी बहिणीला कौतुकानं चालू करून दाखवलं, तर पाच मिनिटांत फट् झालं. एका कंडेन्सरचं डोकं फुटून घाण वासाची वाफ खोलीभर पसरली. आप्पा दारातच उभे होते. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. भटजींनाच म्हणू दे." आणि वळून आत गेले.

मग राग काढायला दुकानदारच सापडला. डुप्लिकेट माल गळ्यात मारता का, म्हणून भरल्या दुकानात त्याला नाही नाही ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोजलं कवा?"

"संध्याकाळी."

"बावड्याचं न्हवं का तुम्ही? संध्याकाळी तुमच्याकडं उसाला पाणी पाजायच्या मोटारी चालू असत्यात. तवा लाईनीत दम कुठला? मोटारी बंद असताना मोजलंय का कधी?"

रोज संध्याकाळी घरातली ट्यूब फडफडताना बघत मोठा झालेला मी, कारखान्यातला इलेक्ट्रिशियन. शरमेनं मान वर होईना. त्यानं त्रेसष्टचे दोन पुढं ठेवले. मी "चुकलं माझं" म्हणालो, तर म्हणाला, "असू दे की. उभं बसत न्हाईत तर आडवं बसवा."

आडवे बसवले, पत्र्याच्या पट्टीनं आवळले. दुसऱ्या दिवशी मोटारी बंद असताना मोजलं, त्रेपन्न व्होल्ट. लग्नाचा मुहूर्तही नेमका दुपारचा, मोटारी बंद असतानाचा. पन्नासचा आदल्या सकाळी घरीच फुटला नसता, तर ऐन अक्षता पडताना फुटला असता.

आप्पांना म्हटलं, "एकदाच माझ्यावर विश्वास ठेवा." लग्नादिवशी मांडवात सगळ्यांत आधी तेच येऊन बसले.

अंतरपाट धरला. मी माईक आप्पांच्या हातात देऊन बटण दाबलं. स्पीकरमधून कसलाच आवाज नाही. आप्पांनी माईककडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. इतकी वर्षं ते घुमण्यावरूनच मशीन चालू आहे हे ओळखत आले होते. तोंड बारीक करून माझ्या कानाशी पुटपुटले, "आरं, बंद हाय की हे."

माईक हातात तसाच होता. ते पुटपुटणं पार मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू गेलं.

अंतरपाटाआडून बहिणीचा रडका, हसरा आवाज आला, "चालू हाय आप्पा. म्हणा."