हीटरला गोडं पाणी

आमचा शिवदासदादा कोळ्याच्या पोटी जन्मला, पण त्याला बोट लागायची. होडी बंदराबाहेर पडली की हा काठावर डोकं टेकून ओकत बसायचा. वडिलांनी नारळ फोडले, ताईत बांधले, शेवटी हात टेकले. वाडीत त्याची यथेच्छ चेष्टा झाली. मग तो मोटार शिकला आणि लढाई संपल्यावर लष्कराच्या लिलावातला एक अमेरिकन ट्रक घेऊन आला. श्रीवर्धनची मासळी बर्फात घालून माणगाव आणि महाडला पोचवायची, हा त्याचा धंदा. मी काळूराम, त्याचा चुलतभाऊ, धंद्यात भागीदार आणि शेजारच्या सीटवरचा कायमचा उतारू.

त्या ट्रकात हीटर होता. डॅशबोर्डखाली पत्र्याची एक पेटी, तिच्यात छोटा रेडिएटर आणि मागे पंखा. इंजिनातलं गरम पाणी एका रबरी नळीनं आत यायचं आणि दुसरीनं परत जायचं. आमच्या मुलखात माघातसुद्धा माणूस उघडा झोपतो, तिथे या पेटीचं काम काय? दादानं ती कधी चालू केली नव्हती. तिच्यावर तंबाखूची डबी आणि भाकरीचं फडकं ठेवायचा. पण गाडीत नवा माणूस बसला की त्याला बटण दाखवून सांगायचा, "हीटर हाय. बर्फाच्या मुलखातली गाडी हाय ही." मला त्याच्या या मिजाशीचा फार राग यायचा.

छप्पन्न सालच्या जानेवारीत त्या मिजाशीवर एक जीव टांगला गेला.

दादाची मुलगी जनी महाबळेश्वरला दिली होती. जावई रघू तिथे बाजारात मासळी विकायचा. आमची मासळी महाडपर्यंत, पुढे घाट चढवायची ती त्यानं एसटीच्या टपावरून. जनीचं पहिलटकरणीचं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी व्हायचं होतं, संक्रांत झाली की तिला आणायचं ठरलं होतं. पण त्या दिवशी महाडला रघू आला तो टोपल्यांशिवाय, हात हलवत. डोळे सुजलेले. जनी आठव्या महिन्यातच बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, मांदेलीएवढी. वरती कडाक्याची थंडी, शेगडी पेटवली तर खोलीत धूर आणि विझवली तर पोर निळी पडायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की कोकणात नेलंत तर पोर जगेल, पण वाटेत तिला थंड वारा लागता कामा नये. बंद आणि उबदार गाडी मिळाली तरच हलवा. त्या स्वतः गाडीत बसून पाहणार होत्या.

दादानं एका दमात सांगून टाकलं, "माझ्या गाडीत हीटर हाय. उद्या दुपारपर्यंत येतो."

रघू तेवढ्यावर एसटीत बसून वर गेला. त्याच्या चेहऱ्यावर केवढा धीर आला होता ते मी पाहिलं, म्हणून पुढचं मला जास्त लागलं. कारण परत येताना दादानं बटण दाबलं, पंखा घरघरला आणि वारा आला तो गार. मी म्हटलं, इंजिन तापू दे. माणगाव गेलं, म्हसळं गेलं, इंजिन चांगलं रटरटायला लागलं, तरी वारा गारच. दादानं तंबाखूसुद्धा मळली नाही.

वाडीत पोचल्यावर त्यानं बॉनेट उघडलं. भागुवहिनीला, म्हणजे त्याच्या बायकोला, सगळं सांगावं लागलं. ती अंगणात मटकन बसली. आठव्या महिन्याचं पोर टिकत नाही असं आमच्याकडे सगळ्याच बायका म्हणतात, तिनं ते तोंडातून काढलं नाही एवढंच. मग उठून पदर खोचून ती गाडीपाशी उभी राहिली.

इंजिनावर हीटरच्या नळीचा एक कॉक असतो. ती तोटी अर्धवट उघडी राहून गंजून बसली होती. रॉकेल सोडून, ठोकून ठोकून ती फिरवली. मला वाटलं, झालं काम. इंजिन चालू केलं, वारा गारच. दादानं दोन्ही नळ्या हातात धरल्या. आत जाणारी चटका देत होती, परत येणारी थंडगार. म्हणजे पाणी पेटीत जात होतं आणि तिथेच अडत होतं. आत हवा कोंडली असेल म्हणून त्यानं गाडी चढावर तोंड वर करून लावली, नळी ढिली केली, हवा सोडली. काही फरक पडला नाही. मग इंजिन निववून पेटीच खाली उतरवली. एका तोंडाला ओठ लावून दादानं फुंकलं. गालफडं फुगली, मानेच्या शिरा वर आल्या, दुसऱ्या तोंडातून फुंकरसुद्धा बाहेर आली नाही.

छत्रीची काडी घालून त्यानं आत खरवडलं. पांढरा चुरा तळहातावर पडला. त्यानं तो जिभेला लावला आणि अंगणातल्या विहिरीकडे पाहिलं.

आमच्या विहिरीचं पाणी मचूळ. खाडी जवळ, भांडी घासायला आणि जाळी धुवायला ठीक, पिण्याला नाही. गोडं पाणी डोंगराच्या पायथ्याशी, आणि ते बायकांनी डोक्यावरून आणायचं. ट्रक नवा होता तेव्हा दादानं एकदा गोड्या पाण्याचा भरला हंडा रेडिएटरमध्ये ओतला होता. भागुवहिनीनं वाडी डोक्यावर घेतली. माणसांच्या घशाला नाही आणि लोखंडाला पाजता? सगळ्या बायका तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या, आणि खरं सांगायचं तर पुरुषही. तेव्हापासून गाडीला मचूळ पाणी. इतकी वर्षं ते पाणी त्या बारीक नळ्यांत जाऊन बसलं होतं. मिठागरात मीठ धरतं तसं धरलं होतं.

वहिनीला सांगावं लागलं नाही. तिनं दादाच्या तळहातावरचा चुरा पाहिला, विहीर पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"मीच सांगितलं व्हतं, मचूळ घाला म्हनून," ती म्हणाली.

दादा म्हणाला, "घातलं तर मीच ना."

मग ती घरात गेली आणि आमसुलांची बरणी घेऊन आली. आमच्याकडे मचूळ पाण्यानं घासलेल्या तांब्याच्या हंड्यावर पांढरा थर चढतो, तो बायका आमसुलानं काढतात. आमसुलं उकळून ते लालभडक पाणी आम्ही पेटीत ओतलं, तोंडांना बोळे कोंबले आणि हलवत बसलो. ओतून टाकलं की गढूळ पाणी निघायचं, पण फुंकर काही पार होईना. घरातली आमसुलं संपली. शेजारची येसूबाई आपली बरणी घेऊन आली, मग आणखी कुणी चिंच आणली. दिवेलागणीला दादानं पुन्हा ओठ लावले, आणि दुसऱ्या तोंडातून लाल पाण्याची बारीक धार लागली. पुरती मोकळी धार नव्हतीच ती. पण एवढ्यावर निघायचं होतं.

पेटी परत बसवली, गाडीचा रेडिएटर धुऊन काढला. पिंपातलं सगळं गोडं पाणी वहिनीनं स्वतःच्या हातानं त्यात ओतलं आणि उरलेला हंडा गाडीत घेतला. त्या घरात त्या रात्री भात शिजला नाही.

उजाडता उजाडता निघालो. रेडिएटरपुढे दादानं गोणपाट बांधलं, इंजिन जास्त तापावं म्हणून. महाबळेश्वरला जाणारा आंबेनळीचा घाट चढताना पेटीतून ऊब यायला लागली. चांगली सणसणीत नव्हे, पण ऊब. बरोबर आलेली वहिनी पेटीपुढे हात धरून बसली होती, तिनं मान हलवली.

वर पोचल्यावर डॉक्टरीणबाई केबिनमध्ये बसल्या, काचा लावून घेतल्या आणि पेटीपुढे हात धरून पाहिला. दादा बाहेर टोपी मुरगाळत उभा. मग त्या उतरल्या आणि म्हणाल्या, न्या, पण ही ऊब कमी होऊ देऊ नका.

पोर वहिनीच्या पोलक्यात, छातीला लावलेली. शेजारी जनी, पांढरीफटक. मी आणि रघू मागे फाळक्याला टेकून, थंडीनं दात वाजवत. केबिनच्या मागच्या बाजूला एक छोटी काच होती, तिच्यातून मला फक्त वहिनीचा हात दिसत होता, पेटीच्या तोंडाशी धरलेला. अख्खा घाट मी तो हात पाहत होतो.

चढताना सोपं होतं, ते उतरताना कळलं. उतारावर इंजिनाला जोर नाही, ते निवतं. थोडं उतरलो आणि तो हात वर उचलला गेला, ऊब कमी झाल्याची खूण. गाडी थांबली. दादानं गिअर सोडून जागेवरच इंजिन रेस केलं, हात पुन्हा खाली येईपर्यंत. पुन्हा निघालो, पुन्हा हात वर. गाडी पुन्हा थांबली. रघू मला सारखा विचारत होता, हात कुठं हाय, हात कुठं हाय. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटत होतं, कारण मलाही तेच विचारायचं होतं.

एका वळणावर हात वर गेला तो खाली येईना. इंजिन गर्जत होतं, पण हात वरच. दादा उतरला. नळीच्या जोडातून पाणी ठिबकून ठिबकून रेडिएटर अर्धा झाला होता. हंड्यातलं ओतलं, ते पुरलं नाही. कड्यातून एक झरा पडत होता. दादा हंडा घेऊन धावला, भरला, आणि ओतायच्या आधी थांबला. ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ भरल्यासारखं फिरवलं, गिळलं, आणि मगच ओतलं. एवढ्या घाईत. मला हसू यायला हवं होतं, पण मी रडलो.

इंजिन रेस झालं. काचेतून पाहिलं, हात हळूहळू खाली आला आणि पेटीच्या तोंडाशी राहिला.

पोलादपूरला उतरलो तेव्हा ऊन तापलं होतं. दादानं हीटर बंद करायला हात पुढे केला, तर वहिनीनं तो बाजूला सारला. पार श्रीवर्धनपर्यंत हीटर चालू. आम्ही घामाघूम उतरलो. पोर लाल झाली होती आणि रडत होती, बारीक पण सारखी.

ती जगली. तिचं नाव काशी.

त्यानंतर दादाला हीटर कधीच लागला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या अंगणात गेलो तेव्हा भागुवहिनी डोंगरापासून पहिला हंडा घेऊन येत होती. माजघरात जनी पाणी मागत होती. वहिनी म्हणाली, थांब जरा, आणि आधी ट्रककडे वळली.