ओळंबा

शेजारचे काका बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. निवृत्तीनंतर त्यांनी भंगारातून काचेखाली लोखंडी गोळी टोलवत खेळायचं जुनं पिनबॉल मशीन उचललं आणि पडवीत बसून दुरुस्त केलं. खाऱ्या हवेने गंजलेला एकेक स्क्रू घासला, पण बदलला नाही. "मूळचं ते मूळचं," हे त्यांचं पालुपद. त्यावर काकू म्हणायच्या, "माझे गुडघेही मूळचेच आहेत हो, त्यांच्याकडे बघा जरा."

मशीनच्या पोटात गवंड्याच्या ओळंब्यासारखं एक वजन टांगलेलं असतं. मशीन हललं की ते हेलकावतं आणि खेळ तिथेच बंद पडतो. माझ्या बाबांचे हात कंपवाताने थरथरतात. ते खेळायला उभे राहिले, की दिवे विझायचे. शेवटी ओशाळून म्हणाले, "राहू दे. आता नाही जमायचं." काका काच पुसत राहिले.

पुढच्या रविवारी मात्र बाबांची गोळी घंटा वाजवत सुटली. दिवे काही विझेनात.

"बघा, बसला की नाही हात!" काका म्हणाले.

पाणी प्यायला आत गेलो, तर खिळ्यावर किल्ल्यांच्या जुडग्याशेजारी तो ओळंबा लटकलेला.

परत येऊन मी खेळायला लागलो आणि सवयीने मशीनला ढुशी दिली. काका खेकसले, "हळू रे मेल्या! बंद पडेल ना!"

मी चटकन हात मागे घेतला. "चुकलं, काका."

"त्याचा हात बसायचाय अजून," बाबा म्हणाले.