एमेटकडचा बोल्ट

लव्हॉन स्टेनहॉगला बंदुकांचं वावडं नव्हतं. वेस्टबी गावात हरणाच्या शिकारीची रायफल नाही असं घर शोधूनही सापडलं नसतं, आणि तिच्या माहेरी तर ती स्वयंपाकघराच्या दारामागे छत्रीसारखी उभी असायची. ती जेरीला आली होती नवऱ्याच्या, ऑर्व्हिलच्या, बंदुकांनी. त्यांतल्या एकाही बंदुकीनं त्यानं कधी ससासुद्धा मारला नव्हता.

ऑर्व्हिलनं उभा जन्म शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात घालवला. निवृत्त झाल्यावर त्यानं जुन्या हत्यारांच्या संग्राहकाचा परवाना काढला, आणि महायुद्धात वापरलेल्या, परदेशी सैन्यांनी मोडीत काढलेल्या रायफली पार्सलनं घरी येऊ लागल्या. प्रत्येक रायफल पन्नास वर्षांच्या चिकट तपकिरी ग्रीसमध्ये माखलेली. ते ऊब दिल्याशिवाय सुटत नाही म्हणून ऑर्व्हिलनं एकदा सुटे भाग लव्हॉनच्या ओव्हनमध्ये ठेवले. त्या वर्षी नाताळच्या केकला गॅरेजचा वास आला. लव्हॉननं तो केक त्याला एकट्याला खायला लावला, आणि त्यानं तो खाल्लाही.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण मग आली ती इंग्रजी रायफल, १९४३ सालची. अशा रायफलीच्या अंगावर जो नंबर असतो तोच तिच्या बोल्टवर, म्हणजे मागच्या सरकत्या दांड्यावर, असावा लागतो. दोन्ही जुळले तर वस्तू अस्सल, नाही तर संग्राहक नाक मुरडतात. ऑर्व्हिलच्या रायफलीवरचा बोल्ट दुसरीचाच होता. सैन्याच्या गोदामात कोणीतरी बोल्ट काढून पुन्हा बसवताना घोळ घातला असणार.

सहा महिन्यांनी टोमा गावच्या जत्रेच्या मैदानावर जुन्या हत्यारांचं प्रदर्शन भरलं. तिथे एमेट ड्रॉझ्ड नावाच्या निवृत्त पोस्टमननं टेबल मांडलं होतं. ऑर्व्हिलनं त्याच्या टेबलावरची पहिली रायफल उचलली. तिचं लाकूड कोणीतरी पॉलिशपेपरनं घासून वर चकचकीत व्हार्निश चढवलं होतं. संग्राहकांच्या लेखी याहून मोठं पाप नाही. “कुठल्या गाढवानं हिची माती केली?” ऑर्व्हिल चार माणसांत मोठ्यानं म्हणाला. मग त्यानं दुसरी उचलली, आणि तिच्या बोल्टवर त्याला आपल्या रायफलीचा नंबर दिसला. त्या रायफलीचा नंबर म्हणजे त्याच्या घरच्या बोल्टवरचा नंबर. नुसती अदलाबदल केली की दोघांचं काम झालं असतं. पण एमेटनं रायफल त्याच्या हातातून काढून घेतली, टेबलाखाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

त्यानंतर सहा वर्षं लव्हॉननं त्या बोल्टचंच पुराण ऐकलं. सकाळी कॉफीबरोबर बोल्ट, रविवारी चर्चमधून येताना बोल्ट. ऑर्व्हिलनं फोन केले, एमेटनं ते ठेवून दिले. लव्हॉन बहिणीला म्हणायची, दुसऱ्यांचे नवरे बाईच्या नादी लागतात ते परवडलं, बाई निदान उलट फोन तरी करते. तिनं ऑर्व्हिलला माफी मागायला सांगितलं. तो म्हणायचा, मी खरं तेच बोललो, खऱ्याची कसली माफी? शेवटी एकदा त्यानं पत्र लिहिलं. बोललो त्याबद्दल दिलगीर आहे, मात्र लाकडी दस्ता घासल्यानं किंमत निम्मी होते हे आपणही जाणताच, असा मजकूर होता.

“ही माफी नाही, पंचनामा आहे,” लव्हॉन म्हणाली. तोवर पत्र पेटीत पडलं होतं.

सातव्या वर्षी ऑक्टोबरात तिचा धीर संपला. तिनं ऑर्व्हिलकडचा बोल्ट एका फडक्यात गुंडाळला, घरी भाजलेला ॲपल पाय सोबत घेतला आणि चाळीस मैल गाडी हाकत टोमाला गेली. एमेटनं दार उघडलं, ती कोण हे ऐकून थोडा थबकला, पण आत घेतलं. बाकीच्या रायफली कपाटात बंद होत्या. ती व्हार्निशवाली मात्र जेवणाच्या टेबलाच्या वर, भिंतीवर एकटीच टांगलेली होती.

लव्हॉननं आडवळण घेतलं नाही. एका घासलेल्या लाकडावरून दोन शहाणी माणसं सहा वर्षं अबोला धरतात, याला काय म्हणायचं, असं तिनं विचारलं.

“मी नाही घासलं ते,” एमेट म्हणाला. “माझ्या बायकोनं, ब्लांशनं घासलं. माझ्या साठाव्या वाढदिवसाला. मी भावाकडे गेलो होतो, तेव्हा चार दिवस गॅरेजमध्ये बसून. तिला वाटलं, याची बंदूक किती मळलीय.”

“आणि तुम्ही तिला सांगितलं नाहीत?”

“काय सांगणार? छान झालीय म्हणालो. तिला आनंद वाटावा म्हणूनच प्रदर्शनात नेली. तुमचे यजमान बोलले तेव्हा ती माझ्या शेजारी उभी होती.”

घरी जाताना ब्लांशनं एकदाच विचारलं होतं, तो माणूस म्हणाला ते खरं का. त्याला काही कळत नाही, असं एमेट म्हणाला होता. पण ती पुन्हा कुठल्या प्रदर्शनाला आली नाही, आणि पुढच्या हिवाळ्यात वारली.

लव्हॉननं बोल्टचं नावही काढलं नाही. फडकं तसंच घेऊन ती परतली. वाटेत तिनं ऑर्व्हिलसाठी लांबलचक भाषण तयार केलं होतं, पण घरी आल्यावर चार वाक्यांतच सगळं सांगून झालं.

“मी तिला पाहिलंच नाही,” ऑर्व्हिल म्हणाला.

“बंदुकीपलीकडे तू पाहतोस काय?”

दुसऱ्या दिवशी त्यानं चर्चला घालायचा शर्ट चढवला. बोल्टचं फडकं मागच्या सीटवर तसंच होतं, आणि गाडी लव्हॉननंच चालवली, कारण त्याला एकट्याला पाठवायची तिची छाती नव्हती. त्याला खोटं बोलता येत नाही हे ती जाणून होती, आणि खरं बोलला तर आणखी सहा वर्षं अबोला.

एमेटची परवानगी घेऊन ऑर्व्हिलनं भिंतीवरची रायफल उतरवली. लाकडावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला. 

“व्हार्निशचा एकही ओघळ नाही,” ऑर्व्हिल म्हणाला. “बसगाड्यांना मी तीस वर्षं रंग दिला. मला असं कधी साधलं नाही.” मग तो एमेटकडे वळला. “त्या दिवशी गाढव मीच होतो. तिच्यासमोर असं बोलायला नको होतं.”

 एमेटनं कपाट उघडलं आणि दुसरी रायफल काढली. दोघांनी नाकावर चष्मे चढवले, एकमेकांना नंबर वाचून दाखवले आणि बोल्ट बदलले. सहा वर्षांचं काम तीन मिनिटांत झालं. लव्हॉनला हसावं की दोघांच्या डोक्यात टपली मारावी, कळेना.

आता तरी सुटले, असं तिला वाटलं होतं. परतीच्या वाटेवर ऑर्व्हिल भीतभीत म्हणाला की एमेटच्या ओळखीचा एक विक्रेता फिनलंडच्या रायफली विकतोय, पण पेटीच घ्यावी लागते, सुट्या देत नाही. दोघं मिळून घेतली तर कसं?

तेव्हापासून दर गुरुवारी एमेट त्यांच्याकडे जेवायला येतो. कुठला स्क्रू मूळचा आणि कुठला मागाहून बसवलेला यावर दोघं हमरीतुमरीवर येतात, आणि मांसाची वडी ताटात गार होत जाते. लव्हॉन मध्ये पडत नाही. ती एमेटच्या ताटात आणखी एक बटाटा वाढते आणि आपलं जेवण आटपते.