आधी मायला सांगा
अंडाशयाचा कॅन्सर हे शब्द आमच्या अमडापूरच्या घरात मायसमोर कोणी उच्चारत नव्हतं. तिला सांगितलं होतं, पोटात पाणी झालंय. केमोला बाबा ‘पाण्याची सलाईन’ म्हणायचे. आजार पुन्हा उलटला, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरबाईंनी एका नव्या उपचाराची चाचणी सुचवली. सर्दीच्या विषाणूत गाठीला मारणारं जनुक घालून तो पोटात सोडायचा. मात्र पेशंटला सगळं कळलं पाहिजे आणि होकार तिनंच दिला पाहिजे.

मुंबईहून परतताना बसमध्ये बाबा म्हणाले, “पाण्याचंच औषध हाय म्हण अन् सही घे. खरं सांगशीन तं धसका घेईन ते.”

“मी नाही म्हणणार.”

“तुह्या पत्रकात लिही ते. घरात नको.”

लोकांच्या हक्कांच्या चळवळीची पत्रकं मी लिहायचे; लहानपणी अक्षरंही तसल्याच पत्रकांवर गिरवली. ती पत्रकं घरी आणणारे बाबाच होते.

घरी पोचलो तेव्हा माय धाड गावच्या बाजारासाठी मिरच्या निवडत होती. मला बसवेना. उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले.

“सर्दी तं मले दर हिवाळ्यात होते. मंग त्या विषाणूनं तवाच काऊन नाही मारलं याले?”

मी डॉक्टरबाईंना फोन लावला आणि स्पीकर सुरू करून तिच्या हातात दिला.

“पेशीच्या अंगावर कड्यांसारखं काही असतं, त्याला रिसेप्टर म्हणतात,” बाई म्हणाल्या. “कडी धरल्याशिवाय विषाणू आत शिरत नाही. या गाठीवर सर्दीच्या विषाणूची कडी फार कमी असते. म्हणून आम्ही त्याला दुसरी कडी धरायला लावलंय. ती तुमच्या गाठीवर आहे का, ते पोटातलं पाणी तपासून कळेल.”

“असली तं बरी होईन मी?”

“ते अजून कोणालाच माहीत नाही.”

“मंग काय निंगते ते मले सांगजा. ह्यायले नाही.”

पाणी तपासायला गेलं. त्या दिवसांत मी घरभर येरझारा घालत होते. पिशवी भरून ठेवली होती. फोन आला तशी माय अंगणात गेली. बाबा दाराशी, मी त्यांच्या मागे.

“कडी हाय म्हणते,” ती आत येऊन म्हणाली.

मी पिशवी उचलली.

“कुठं चालली वं?”

“मुंबईले. सही...”

“सही करायची का नाही, ते मी ठरवलं नाही अजून. इतके दिस तुमीच ठरवलं.” तिनं पिशवी माझ्या हातातून घेऊन खुंटीला अडकवली आणि बाबांकडे वळली.

“बसा. पयल्या सलाईनपासून सांगा.”