बर्फाचा कप्पा

आंजीला आमचं किराणा दुकान आहे. दुकानामागच्या खोलीत गूळ, तेलाचे डबे आणि धान्याची पोती असतात. महिन्यातून एकदा मी ती पोती भिंतीकडे सरकवून खोली झाडून देत असे, कारण त्या दिवशी तिथे डॉक्टर बसत. वर्ध्याच्या एका दवाखान्याचे डॉक्टर, आणि त्यांच्याबरोबर कधीकधी परदेशातली माणसं. माझीच खोली का, तर आमच्या गल्लीत तेव्हा फ्रीज फक्त माझ्या दुकानात होता.

फ्रीजमध्ये वर थंड पेयांच्या बाटल्या, मध्ये दुधाच्या पिशव्या आणि खाली एका प्लॅस्टिकच्या डब्यात समोरच्या घरातल्या पोरीचं इन्सुलिन. चौथीत असताना पोरगी वाळायला लागली, घडाघडा पाणी प्यायला लागली आणि एक दिवस शाळेतच पडली. वर्ध्याला नेल्यावर कळलं, शुगर आहे, आणि रोज सुई टोचल्याशिवाय ही जगणार नाही. गावात कुणाला पटेना.

"एवढ्याशा पोरीले शुगर? मायनं गोड लय चारलं असन," असं एक बाई माझ्या काउंटरवर उभी राहून म्हणाली. साखरच विकत घेत होती ती.

पोरीची आई शेतात राबणारी, फार न बोलणारी. तिने ते ऐकलं आणि पुढे कित्येक वर्षं घरात साखर आणली नाही. तसं काही करायची गरज नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगून पाहिलं. उपयोग झाला नाही.

पोरीचं सगळं वर्ध्याच्या दवाखान्यातून चालणाऱ्या, शुगर असलेल्या मुलांसाठीच्या कार्यक्रमातून येई. औषध एका देशातून, रक्त तपासायच्या पट्ट्या दुसऱ्या देशातून, आणि शिकवायला माणसं आणखी तिसरीकडून. गरीब असो, आडगावचा असो, इलाजावाचून कुणी राहू नये, असं त्यांचं म्हणणं. मला असल्या मोठ्या वाक्यांची ॲलर्जी आहे, पण डबा दर महिन्याला भरून येत होता, त्यामुळे मी काही बोलत नसे.

एका मे महिन्यात परदेशातली नर्सबाई येणार म्हणून माझ्या दुकानापुढे बरीच मंडळी जमली. जीपमधून उतरली ती सुदानची. उंच, काळीभोर, डोक्यावरून पिवळं लुगड्यासारखं वस्त्र घेतलेली. आमच्या ओट्यावर रोज बसणारे एक म्हातारबाबा मोठ्याने म्हणाले, "हे होय परदेशी? मले तं वाटलं गोरी येईन."

डॉक्टर कानकोंडे झाले. म्हातारबाबा काय म्हणाले ते तिने विचारलंच, सोडलं नाही. मग डॉक्टरांकरवी उत्तर दिलं, "गोऱ्यांना तुमचं ऊन सोसत नाही. म्हणून मला पाठवलं."

म्हातारबाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. तिथून पुढे ती गावाची झाली.

त्याच दुपारी लाईन गेली आणि लवकर आली नाही. दूध नासलं. तिने फ्रीज उघडून हात लावून पाहिला आणि मला विचारलं, लाईन गेली की काय करता?

"वाट पाहतो," मी म्हटलं.

तिने कुंभाराकडून दोन मडकी आणवली, एक मोठं, एक त्याच्या आत बसेल असं. दोघांच्या मधल्या जागेत रेती भरली, रेतीवर पाणी ओतलं, आतल्या मडक्यात इन्सुलिनचा डबा ठेवला आणि वरून ओलं फडकं टाकलं. आमच्याकडे असंच ठेवतो, म्हणाली. कुंभार म्हणाला, "याच्यात का हाय? माठाचं पानी थंड राह्यते थे तं आमालेबी माहीत हाय." बरोबरच होतं. पण औषध माठात ठेवायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जेवायला मी तिला भाकर दिली. तिने तुकडा मोडला, वास घेतला आणि डॉक्टरांना काहीतरी सांगत सुटली. त्यांच्याकडेही ज्वारीच; फक्त पीठ आंबवून पातळ करतात. दोन भाकरी खाल्ल्या तिने, आणि पोरीच्या आईला हाताने खुणा करून सांगितलं, रोज दोनदा पाणी, विसरायचं नाही.

आई विसरली नाही. ती मडकी समोरच्या घरात चुलीपासून लांब, खिडकीखाली बसली. पोरगी त्या दोन मडक्यांवर मोठी झाली. सुया स्वतः टोचायला शिकली. बसने वर्ध्याला कॉलेजात जायला लागली. माझ्या दुकानात बसून पोटात सुई घ्यायची आणि गिऱ्हाईकाकडे बघत म्हणायची, "काकू, याले अजून कमी तोला, हा मले पाहून राह्यला." लाजणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मग तिचं वय कार्यक्रमाच्या अटीबाहेर गेलं. इन्सुलिन सरकारी दवाखान्यातून मिळत राहिलं, पट्ट्या बंद झाल्या. त्या विकत घ्यायच्या. त्यामुळे रोज तपासणारी पोरगी आठवड्यातून एकदा तपासायला लागली. सगळ्यांना इलाज म्हणत, पण पट्टी मात्र त्यात बसत नव्हती.

लग्न जुळत होतं तेव्हा तिचा बाप माझ्याकडे आला. सांगावं की नाही?

"सांगतलं तं मोडते," तो म्हणाला.

"मोडू द्या. लपवून लग्न लावाल तं तिथं ती चोरून सुया घेईन. कुठं ठेवन औषध?"

सांगितलं. तळेगावच्या मुलाकडच्या लोकांनी मोडलं नाही. त्यांचंही दुकान, थोडी शेती, माणसं चांगली. मुलगा म्हणाला, मला चष्मा आहे, तिला सुई आहे. सासूने फक्त मडक्यांना नकार दिला. "नवी नवरी रेतीचे मडके घेऊन येईन, लोक काय म्हनतीन? आमी फ्रीज घेऊन राह्यलो." आणि खरंच लग्नाआधी मोठा, दोन दारांचा फ्रीज घेतला. मी लग्नाला गेले तेव्हा त्याला कुंकवाची बोटं लावलेली होती, हार घातला होता. सासूने मला हाताला धरून नेऊन दाखवला. दारातल्या कप्प्यात पोरीने आपला डबा स्वतः ठेवला होता, तिथेच ठेवायचा हे तिला पाठ होतं.

आषाढात नवी सून सासरी राहत नाही. सासूने सुनेचं तोंड बघू नये म्हणतात. पोरगी महिनाभर माहेरी आली. लागेल तेवढं औषध घेऊन आली, उरलेलं तिकडेच ठेवलं. इथे खिडकीखालची मडकी आईने पुन्हा भिजवली. पोरगी मजेत होती. माझ्या दुकानात बसून हिशेबात चुका काढायची. श्रावण लागला तशी नवरा येऊन घेऊन गेला.

आठवड्याभरात तिकडून फोन आला. सुनेला उलट्या होतात, जेवण जात नाही, झोपून असते. सासूचा आवाज मोबाइलमधून माझ्या काउंटरपर्यंत ऐकू येत होता, कारण समोरची वहिनी, पोरीची आई, माझ्याचकडे उभी होती. "विहीनबाई, आता पेढ्याचं पाहा तुमी!"

वहिनीने माझ्याकडे डिंक मागितला.

"आतापासून डिंक?" मी म्हटलं.

"असू द्या घरात."

मला ते बरं वाटलं नाही. मी पोरीला फोन लावला. "उलट्या होऊन राह्यल्या तं शुगर पाह्यली काय तू?"

"पट्ट्या सरल्या काकू. हे शुक्रवारी आनतीन, बाजाराच्या दिवशी."

"सुया?"

"घेऊन राह्यली ना. एकबी नाई चुकवली." आवाज खोल गेला होता. दम लागल्यासारखी बोलत होती.

"शुक्रवार नको. आजच दवाखान्यात जा. नवऱ्याले दे फोन."

त्याने ऐकलं, लगेच गाडी काढली. आर्वीला नेलं, तिथून वर्ध्याला. आम्ही पोहोचलो तेव्हा ती जोरजोरात श्वास घेत होती आणि कुणाला ओळखत नव्हती. संध्याकाळी गेली. पोटात मूल नव्हतं. रक्तात साखर इतकी होती की यंत्र आकडाच दाखवत नव्हतं.

त्यानंतर जे बोललं गेलं ते मी विसरलेले नाही. तिथल्या एका तरुण डॉक्टरने नोंद करताना विचारलं, सुया चुकवल्या का? नव्या नवऱ्या चुकवतात, लाजतात. त्याचं बोलणं बाहेर आलं, तळेगावला गेलं, आंजीला आलं. तेराव्यापर्यंत सगळ्यांचं ठरलं होतं, की पोरीनेच हयगय केली. वहिनी एकच वाक्य धरून बसली. "माह्या पोरीनं कधीच नाई चुकवली." ऐकणारे मान हलवत. आई आहे, म्हणणारच.

दिवाळीच्या आधी तिची सासू माझ्या दुकानात आली. समोरच्या घरी जाऊन आली होती, डोळे सुजलेले. पिशवीतून तिने एक डबा काढला आणि काउंटरवर ठेवला. उरलेल्या इन्सुलिनच्या बाटल्या.

"ताई, तुमच्याकडे पोरं येतात ना शुगरवाले. त्याइच्या कामी पडन. वाया काऊन घालवाचं?"

मी एक बाटली उजेडात धरली. तळाशी बारीक कण चिकटून बसले होते. हलवली तरी सुटेनात.

"हे कुठं ठेवलं होतं बाई?"

"जपून ठेवलं होतं ना. आखाडात ती इकडं होती, अन् आमच्याकडं लाईन जाऊन राह्यली होती सारखी. मी म्हटलं, एवढं मोलाचं औषध, खराब झालं तं? वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. बर्फ काढून जागा केली. ती यायच्या आदल्या दिवशी परत खाली ठेवलं, जसंच्या तसं."

इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. नंतर वितळून वरवर नेहमीसारखंच दिसतं, पण काम करत नाही. पोरगी रोज वेळेवर, न चुकता, ते टोचून घेत होती.

मी डबा आत ठेवला. "देते," म्हटलं. ती बसने गेल्यावर मागच्या मोरीत एकेक बाटली फोडली आणि काच कागदात गुंडाळून टाकली.

समोरच्या वहिनीला मी त्याच दिवशी सांगितलं. तिला कळायला हवंच होतं. ती खिडकीखालच्या मडक्यांकडे बघत बसली. मग म्हणाली, "मंग तिनं नव्हतं चुकवलं."

"नाई."

"तिच्या सासूले सांगू नका. थे बाई मरून जाईन."

मला ते पटलं. सांगून कोण परत येणार होतं?

पण वर्ध्याच्या डॉक्टरांना सांगणं भाग होतं. त्यांनी मला त्यांच्या महिन्याच्या बैठकीत बसवलं. पडद्यावर निरनिराळ्या देशांतली माणसं, छोट्या छोट्या चौकोनांत. एका चौकोनात सुदानची नर्सबाई होती. तिच्या देशात लढाई पेटल्यापासून ती शेजारच्या देशात, निर्वासितांच्या छावणीत काम करत होती. मागे तंबूचं कापड हलताना दिसत होतं. पोरगी तिला आठवत होती. डॉक्टरांनी सगळं सांगितलं. ती जे बोलली ते डॉक्टरांनी मला मराठीत सांगितलं. "आम्ही उन्हापासून जपायला शिकवलं. आमच्याकडे बर्फ कधी नव्हताच. बर्फात ठेवू नका, असं घरच्या माणसांना सांगायचं मला सुचलंच नाही."

ठरलं, की शिकवायच्या चित्रांत आणखी एक चित्र घालायचं. फ्रीजचा वरचा कप्पा आणि त्यावर फुली. औषध घेणाऱ्या पोरांना दाखवून भागणार नाही, घरातल्या सगळ्यांना दाखवायचं. सगळ्या देशांत, सगळ्या गावांत. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर.

"तळेगावलाही?" मी विचारलं.

"तिथे दोन मुलं आहेत इन्सुलिनवर," डॉक्टर म्हणाले. "का?"

"काही नाही. लावा."

सासूचं घर त्या दवाखान्यापासून लांब नाही. आज ना उद्या ती गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला जाणार, बाकावर बसणार आणि समोर ते चित्र असणार. भिंतीवरून कळण्यापेक्षा माणसाकडून कळलेलं बरं. मी वहिनीला विचारलं. ती म्हणाली, "मंग तुमीच जा."

मी आर्वीला बस बदलून तळेगावला गेले. सासू अंगणात तूर निवडत होती. मला बघून उठली, पाणी आणलं. पाणी कोमट होतं. आत फ्रीज बंद होता. दार मिटू नये म्हणून मध्ये फडक्याचा बोळा घातला होता, आणि कप्प्यांमध्ये पापडांचे डबे रचले होते.

मी आडवळणं घेतली नाहीत. काय झालं, कशाने झालं, चित्र का लावणार आहेत, सगळं सांगितलं. तिचा हात सुपात तसाच राहिला. रडली नाही. आतून तिचा मुलगा दारात येऊन उभा राहिला होता, त्यानेही ऐकलं आणि तो परत आत गेला.

मग तिने विचारलं, "तिले माहीत झालं होतं काय? म्या बर्फात ठेवलं थे?"

"नाई," मी म्हटलं. "तिले नव्हतं माहीत."

तिने मान हलवली. सूप बाजूला ठेवलं आणि माझा रिकामा गिलास उचलून आत गेली. मी थोडा वेळ वाट पाहिली. ती बाहेर आली नाही. शेवटी मी चपला घातल्या, अंगणाचं फाटक ओढून घेतलं आणि बस स्टँडकडे निघाले.