महामहिम आणि आधीचं दुखणं

राज्यपालपदावरून आमच्या घरात वाद होईल असं कुणी म्हटलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण झाला खरा. मुलीच्या वर्गात प्रत्येकाला अमेरिकेतल्या एकेका राज्याचा राज्यपाल केलं होतं, आणि आरोग्यसेवा नि विमा कंपन्यांवरचे नियम याबद्दल आपली भूमिका मांडायची होती. ती हे सांगतेय तोच सोफ्यावरून सासऱ्यांचा आवाज आला, की राज्यपालाला कसली आलीय भूमिका? तो शपथ देतो, फिती कापतो आणि बंगल्यावर मोर बघत बसतो.

सासरे मंत्रालयातून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्यावर आम्ही त्यांना इकडे परदेशी, आमच्या बुकित तिमाहच्या घरी आणलं. अमेरिकेतला राज्यपाल लोक मतं देऊन निवडतात, तो कंपन्यांना दमात घेऊ शकतो, हे नातीने त्यांना अर्धं मराठीत, अर्धं इंग्रजीत समजावलं. त्यावर ते म्हणाले, मग त्याला मुख्यमंत्री म्हणा की, आमच्या राज्यपालाला उगाच कामाला कशाला लावता! पण त्या दिवसापासून ते नातीला महामहिम म्हणायला लागले. महामहिम, ताटं घ्या. महामहिम, आंघोळ झाली का? ती इथल्या पोरांसारखं ‘आजोबा, स्टॉप लाह’ म्हणायची, पण मनातून खूश असायची.

रविवारी हॉलमध्ये तालीम ठरली. एरवी रविवारी आम्ही ईस्ट कोस्टला समुद्राकाठी फिरायला जायचो, पण हल्ली सासरे काही ना काही सबब काढत. ऊन फार, सायकलवाले अंगावर येतात. मी म्हटलं, बरंच झालं, पोहे तरी निवांत होतील. नवरा झाला विमा कंपनीचा मालक, मी सचिव आणि सासरे जनता. इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. जनता झाली म्हणून काय गबाळं राहायचं?

महामहिमांनी भूमिका मांडली. आधीचं दुखणं आहे म्हणून कुठल्याही कंपनीने कुणाला विमा नाकारायचा नाही. नवऱ्याने लगेच बोंब ठोकली, की मग लोक आजारी पडल्यावरच विमा घ्यायला धावतील. ती म्हणाली, विमा सगळ्यांनीच घ्यायचा, आणि दुखणं लपवायचं नाही. खरं सांगेल त्याच्या पाठीशी राज्य उभं राहील. पोरगी असं फर्डं बोलत होती की मी पोह्यांचा डाव हातात धरून ऐकतच राहिले.

मग जनता उठून उभी राहिली.

“महामहिम, कंपनीचं ठीक आहे. पण माणसाने खरं सांगितलं आणि घरच्यांनीच त्याला परत पाठवलं, तर?”

नवरा हसला. मला हसू आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या गुजराती आजोबांना मुलाने उपचारासाठी म्हणून गावी पाठवलं होतं, ते परत आलेच नाहीत. सासरे रोज त्यांच्यासोबत बाकावर बसायचे. मुलीने हातातला कागद ठेवला आणि विचारलं, कुठे दुखतं? काही नाही, असं ते सवयीने म्हणाले. आमच्या माणसांचं हे एक आहे, ताप असो नाहीतर पाय मोडलेला असो, विचारलं की काही नाही! ती समोरून हलेना. शेवटी ते खाली बसले आणि म्हणाले, चालताना छाती भरून येते.

माझा नुसता संताप झाला. ऊन काय, सायकलवाले काय! तोंडाला येईल ते बोलले मी. नवऱ्याचा चेहरा पांढराफटक पडलेला. सासऱ्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं, मग पुटपुटले, की ह्या वयात, ह्या दुखण्याला इथे विमा कोण देणार, तुमच्या जिवाला घोर कशाला? मुकाट्याने मुंबईला गेलोही असतो, पण मला जायचं नव्हतं. ते ऐकलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला. रडूच आलं मला.

मुलगी त्यांना चिकटून बसली. “मी नाही पाठवणार, आजोबा. फायनल.”

तसेच उठून दवाखान्यात गेलो. सांगून टाकते, वेळेत पोचलो. हृदयाच्या नळीतला अडथळा डॉक्टरांनी काढला आणि आता सासरे ठणठणीत आहेत. पण त्या दिवशी नर्सने आधीची दुखणी विचारली तेव्हा काय सांगू! एकदा सांगायचंच ठरवल्यावर त्यांनी काही म्हणून लपवून ठेवलं नाही. छाती, गुडघे, साखर, शेवटी मूळव्याध. दुभाषी झालेली नात तिथे अडली, आणि मला तिच्या कानात सांगावं लागलं. ती लाजून लाल झाली, नर्स हसायला लागली, सासरेही हसले.

मग नर्सने विचारलं, तुम्ही राहता कुठे? इतकी वर्षं हा प्रश्न कुणीही विचारला, अगदी लिफ्टमध्येसुद्धा, तरी सासऱ्यांचं उत्तर एकच असायचं, मुलाकडे असतो. नात भाषांतराला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनीच इंग्रजीत सांगितलं.

“माय हाऊस. बुकित तिमाह.”