गल्लीचा नंबर शेवटचा

व्हर्लिन हुस्का बावीस वर्षं गावाचा नगराध्यक्ष होता. वशिला लावला असं कुणी म्हणू नये म्हणून बर्फ काढणारी गाडी त्याच्या स्वतःच्या गल्लीत नेहमी सगळ्यांत शेवटी यायची. समोरची आर्डिस दर हिवाळ्यात फावडं मारताना कुरकुरायची, "तुझ्या इभ्रतीपायी माझी कंबर गेली." तो कॉफी नेऊन द्यायचा आणि तिच्या हातातलं फावडं घ्यायचा.

यंदा तो निवृत्त झाला. पहिला बर्फ पडला आणि उजाडताच गाडी दारात आली. व्हर्लिन सपाता घालूनच गाडीच्या ड्रायव्हरकडे धावला. "ड्वेन, गाढवा, इकडे आधी यायला कुणी सांगितलं?"

"नव्या नगराध्यक्षांनी," म्हणत ड्वेननं समोरच्या घराकडे बोट दाखवलं.

समोरच्या पायरीवर आर्डिस कॉफीचे दोन कप घेऊन उभी होती. म्हणाली, "बावीस वर्षं तुझा प्रामाणिकपणा सोसला. आता माझा वशिला सोस."